पाटावरचा फोन

चिंचवड,
२४ मे २०२६

प्रिय सिद्धेश,

तुझी तब्येत चांगली असेल. मी आणि पुनम, आम्ही दोघी बऱ्या आहोत. ऊन फार आहे, पाणी दिवसाआड येतं, आणि समोरच्या सोसायटीने गच्चीवर पत्रे घातल्यामुळे आपल्या गॅलरीतून दिसणारा नदीचा एवढासा तुकडा आता दिसत नाही. बाबांची आरामखुर्ची मी आत घेतली. बाहेर बसून बघायला काही उरलं नाही.

फोन असताना पत्र का, असं तुला वाटेल. आमच्या शाळेत सिस्टर बर्नाडेट म्हणायच्या, अवघड गोष्ट कागदावर लिहावी, कागद मध्येच बोलत नाही. फोनवर तू मध्येच बोलतोस, नाही तर तुझी मीटिंग असते. स्पीड पोस्टाने हे दहा-बारा दिवसांत पोहोचेल असं पोस्टातली मुलगी म्हणाली. तेवढा अवधी आपल्या दोघांनाही बरा.

तुझा आवाजी निरोप मी ऐकला. तू आता तिथे एकटा राहत नाहीस. योहाना म्हणून कोणी आहे, तुझ्याच कंपनीतली, आणि तिच्याबरोबर राहून वर्ष होत आलं. तू परत येणार नाहीस. तुला पुनमशी झालेल्या लग्नातून मोकळं व्हायचं आहे, सगळं शांतपणे, सामंजस्याने. शेवटी म्हणालास, "आई, तू पुनमला समजाव. हा तुझाच विषय आहे. कुठून सुरुवात करायची ते तुला कळेल."

कुठून सुरुवात करायची ते मला खरंच माहीत आहे. लाइपझिगपासून. वर्गात मी दर वर्षी तिथूनच करत आले.

कंपनीने तुझी लाइपझिगला बदली केली तेव्हा सगळ्यांनी पगार किती, थंडी किती, असं विचारलं. मला मात्र त्या गावाच्या नावाचाच आनंद झाला होता. पहिल्या तासाला फळ्यावर मी ते नाव लिहायची आणि खाली १८७९. पिंपरीच्या कॉलेजातली मुलं वहीत ते चार प्रकारे लिहायची. मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा तिथे निघाली. त्याआधी मन हा तत्त्वज्ञांचा आणि धर्मगुरूंचा प्रांत होता. त्या प्राध्यापकाने ते घड्याळं, दिवे आणि लंबक असलेल्या खोलीत आणलं. ती इमारत युद्धात गेली असं मी वाचलंय. तरी जागा बघून ये, असं तुला म्हटलं होतं, आणि तू तुझ्या प्लॅंटच्या गेटचा फोटो पाठवलास. तोही मी जपून ठेवलाय.

त्या प्रयोगशाळेतून विचारांची जी पहिली शाळा निघाली, तिची रीत मजेची होती. माणसाने स्वतःच्या आत पाहायचं आणि दिसेल ते सांगायचं, पण वस्तूचं नाव घ्यायचं नाही. समोर सफरचंद ठेवलं तर सफरचंद म्हणणं चूक. लाल, गोल, गार, जरा चकाकणारं, एवढंच म्हणायचं. मुलांना हसू यायचं. मलाही ती रीत वेडगळच वाटायची.

तुझा निरोप मी त्या रीतीने ऐकून पाहिला. आवाज जरा घोगरा. मागे ट्रामची घंटा. दोन ठिकाणी तू थांबलास. "शांतपणे" हा शब्द पुन्हा पुन्हा. माझ्या हाताला गार वाटलं, आणि कुकरची शिट्टी झाली ती लांबून आल्यासारखी वाटली. सफरचंद मी अजून म्हटलेलं नाही.

पुढे अमेरिकेतल्या लोकांनी या रीतीची थट्टा केली. मन कशाचं बनलंय हे राहू द्या, ते कशाला उपयोगी पडतं ते सांगा, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या बाजूने पाहिलं तर तुझ्या निरोपाचा उपयोग सरळ आहे. जे तुला बोलायचं आहे ते मी बोलावं, आणि पुनमचा चेहरा तुला बघावा लागू नये.

मग आले वर्तनवादी. ते म्हणाले, आतलं सोडाच, जे दिसतं तेवढंच मोजा. संध्याकाळच्या वर्गात साहेबराव नावाचा एक विद्यार्थी होता, प्रेस शॉपमध्ये नोकरी करून यायचा. हा धडा ऐकून म्हणाला, "मॅडम, म्हणजे आमचा सुपरवायझर. आतून बरं वाटतंय का विचारत नाही, पीस किती झाले तेवढं बघतो." सगळा वर्ग हसला होता.

रशियातल्या त्या कुत्र्याची गोष्ट तुला पाठ आहे. लहानपणी जेवायला बोलावलं की तू घंटा वाजव म्हणायचास. त्या गोष्टीचा शेवट मात्र मी तुला कधी सांगितला नसेल. खाणं न देता नुसती घंटा वाजवत राहिलं की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटायचं थांबतं. प्रयोग संपला असं वाटतं. मध्ये काही दिवस जातात, आणि पुन्हा घंटा वाजली की पुन्हा पाणी सुटतं. पुनम रात्रीची भांडी आवरताना फोन ओट्यावर ठेवायची, कारण तू त्या वेळेला करायचास. गेल्या दिवाळीनंतर तिने तो बाहेर चार्जिंगला लावायला सुरुवात केली. मला वाटलं, झालं. परवा फोन पुन्हा ओट्यावर होता. ओल्या हाताने तिने दोनदा पालथा-उताणा केला. पहिल्या शिफ्टला तिला पहाटे कंपनीची बस असते, ती लवकर झोपते.

आता महत्त्वाचं. अधिक महिना लागलाय. तुझ्या सासूबाईंचा, सरुबाईंचा, मला फोन आला. म्हणाल्या, "ईनबाई, पाव्हणं परदेशात असलं म्हनून काय झालं? अधिक काय रोज येतो व्हय? जावयाला वाण द्यायलाच पायजे." रविवारी, सात जूनला, कुरुळीला धोंड्याचं जेवण करायचं आणि तुला मोबाइलवर बसवायचं असं त्यांनी ठरवलंय. तुझा मेव्हणा सुरज तुला फोन करून वेळ विचारेल.

हे पत्र त्याआधी पोहोचेल. धोंड्याचं जेवण म्हणजे काय हे तुला माहीत आहे. मुलीचे आईबाप जावयाला नारायण मानून पाटावर बसवतात, आणि जावई बसतो तो जावई म्हणून. सुरजला काय सांगायचं ते तू ठरव. मी पुनमला काही सांगितलेलं नाही. सांगेन असंही म्हणत नाही.

थंडी कमी झाली असेल. लोकरीचे मोजे धुऊन ठेव, तसेच ठेवू नकोस.

आई


चिंचवड,
१८ जून २०२६

प्रिय सिद्धेश,

पत्र मिळाल्याचा तुझा निरोप पोहोचला होता. म्हणजे निरोप नव्हे, अंगठ्याचं चित्र. मी त्याचा अर्थ लावत बसले नाही.

सोमवारी अधिक महिना संपला. इकडे पावसाने अजून तोंड दाखवलेलं नाही, भाज्या महागल्या आहेत, आणि माझा गुडघा बरा आहे. ताथवड्याच्या ज्या कॉलेजात मी शेवटची काही वर्षं शिकवलं, तिथल्या मुख्य बाई भेटल्या. आता मानसशास्त्राचा इतिहास अभ्यासातून काढलाय म्हणाल्या. मुलांना थेट उपयोगाचं हवं असतं. मी बरं म्हटलं.

सात तारखेचं तुला तुझ्या बाजूने माहीत आहे. माझ्या बाजूने काय दिसलं ते लिहिते, वर्गात प्रयोगाचं वर्णन लिहायला सांगायची तसं.

कुरुळीचं घर तू पाहिल्यानंतर आणखी एक मजला चढलाय. खाली लातूर-बीडकडची पोरं भाड्याने राहतात. त्यांनाही जेवायला बोलावलं होतं. सरुबाईंनी पहाटेपासून पुरण घातलं होतं, धोंडे उकडले होते, अनारसे आदल्या आठवड्यातच तळून झाले होते. मधल्या खोलीत पाट, पाटाभोवती रांगोळी, आणि पाटावर तांब्याला टेकवून उभा केलेला पुनमचा फोन. फोनच्या एका बाजूला टोपी-उपरणं, दुसऱ्या बाजूला वाढलेलं ताट. पुनमच्या वडिलांनी, धर्माजींनी, धोतर-फेटा केला होता. ते फोनपासून हातभर अंतरावर बसून शेताच्या बांधावरून हाक मारावी तसे ओरडत होते, "पाव्हणं, ऐकू येतंय का?"

तू ऐकू येतंय म्हणालास. तू सदरा घातला होतास, लग्नातला मोतिया. तिथे तुझी सकाळ होती, आणि सकाळी उठून तू तो इस्त्री केला असशील. हे माझ्या लक्षात राहिलं.

सरुबाईंनी औक्षण केलं. ओवाळून झाल्यावर त्यांनी कुंकवाचं बोट तुझ्या कपाळाला लावलं, म्हणजे काचेला लावलं, आणि लावताना बोट खाली लाल बटणावर घसरलं. फोन बंद पडला. सुरज म्हणाला, "आये, जावयाला कट केलंस की." खोलीत हशा झाला. सरुबाई पदराने काच पुसत म्हणाल्या, "कट न्हाई केलं, जरा दमानं घेतलं." सुरजने पुन्हा फोन लावला.

फोन तिने उचलला.

तुला वाटलं असेल कार्यक्रम संपला. तू बहुधा सदरा बदलायला आत गेला होतास. ओले केस, अंगावर निळा झगा, हातात पाव. ती हसली, जर्मनमध्ये काही म्हणाली, आणि पाटाभोवतीची ही पंधरा-वीस माणसं बघून तिचं हसू तसंच राहिलं. मग तू आलास. सदऱ्याची वरची बटणं सोडलेली होती.

सरुबाईंनी विचारलं, "ह्या बाई कोण वं?"

तू म्हणालास, "घरमालकीण आहे, मामी."

सरुबाईंनी लगेच निरांजन खाली ठेवलं आणि फोनसमोर दोन्ही हात जोडले. "बाई, आमच्या लेकराला परमुलखात संबाळता, लई उपकार झालं तुमचं." ते तू तिला भाषांतर करून सांगितलंस की नाही, मला कळलं नाही. ती मान डोलावून बाजूला झाली. नंतर सरुबाईंनी वळून मला काहीतरी विचारलं, ते पुढे लिहिते. तू ताटाला नमस्कार केलास, सगळ्यांना हात हलवलास. तुझ्या ताटातलं सुरजने खाल्लं.

वर्णन इथे संपतं.

बर्लिनला एक शाळा होती, ती मी दिवाळीनंतर शिकवायची. तिच्यासाठी माझ्याकडे एक तक्ता होता, काळ्या-पांढऱ्या फुलदाणीचा. फुलदाणी बघत राहिलं की कडेचे दोन चेहरे दिसत नाहीत, चेहरे दिसले की फुलदाणी जाते. मन एका वेळी एकच पुढे घेतं, बाकीचं मागे ढकलतं. आणि चित्र अर्धवट असलं तर उरलेली रेष मन स्वतः ओढून घेतं. त्या दिवशी सगळी खोली तुला बघत होती. पुनम भिंतीला टेकून उभी होती, हातात तुपाची वाटी. मी तिला बघत होते. ती तुला बघत नव्हती. ती तुझ्यामागच्या खुंटीकडे बघत होती. तिथे तुझं राखाडी जाकीट आणि त्याच्याच वर, त्याच खुंटीला, बायकी ओढणीसारखं काहीतरी लटकत होतं. ते जाकीट तिनेच घेऊन दिलं होतं.

ती वाटी घेऊन पंगतीत गेली आणि सगळ्यांना तूप वाढलं. बीडच्या एका पोराने नको म्हटलं तर त्याला म्हणाली, "घे रे, कंपनीच्या कॅंटीनला मिळत नाही." आवाज नेहमीचा.

निघताना सरुबाईंनी माझ्या हातात एक खोका दिला. तुला अनारसे, टोपी-उपरणं, आणि घरमालकिणीसाठी एक खण, हिरवा, जरीकाठी. चिंचवडला कुरियरवाले चांगले म्हणून मी पाठवावा असं ठरलं. "तिला म्हनावं, शिवून घाल. त्यांच्याकडं काय घालत्यात मला ठावं न्हाई, पर बाईमानसाला खण चालतो." धर्माजी म्हणाले, "आगं, ती झग्यावर खण घालंल व्हय?" त्यावरही सगळे हसले. मीही हसले.

कुरुळी फाट्यावरून बस मिळाली. मोशीपर्यंत उभ्याने आलो. मग दोघींना जागा झाली. खोका माझ्या मांडीवर होता. पुनम खिडकीबाहेर बघत बसली होती. त्या रस्त्याला बघण्यासारखं काय आहे? कंटेनर, गोडाऊन, पंक्चरची दुकानं.

आता सरुबाईंनी मला काय विचारलं ते लिहिते. इतका वेळ टाळलं.

त्यांनी विचारलं होतं, "ईनबाई, तुमी वळखता का ह्या घरमालकिणीला? चांगली हाय नव्हं?" आणि मी म्हटलं, "हो. चांगली आहे."

मला कोणी दम दिला नव्हता. विचार करायला वेळही मिळाला नाही. प्रश्न आला आणि उत्तर निघालं, घंटा आणि लाळ यांच्यात जेवढं अंतर असतं तेवढंच. व्हिएन्नाचा डॉक्टर म्हणाला असता, बाई, तुम्हाला मुलाला वाचवायचं होतं आणि ते तुमचं तुम्हालाच ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.

मोशी सोडल्यावर पुनम म्हणाली, "आई, तुम्ही हो का म्हणालात?"

मी मांडीवरचा खोका जवळ ओढला.

"त्यांनी खोटं सांगितलं, ते अपेक्षितच होतं. दिवाळीपासून मी धरूनच चालले आहे. पण माझी आई हात जोडून उभी होती. मला वाटलं, तुम्ही तरी गप्प बसाल."

मी तिला म्हटलं, सिद्धेशने मला सांगितलंय. तुला मी सांगावं अशी त्याची इच्छा आहे. पुढचं बोलायला मी तोंड उघडलं तर तिने माझ्या हातावर हात ठेवला. थोपवण्यासाठी ठेवला.

"तुम्ही नका सांगू," ती म्हणाली. "मला ऐकायचंय ते त्यांच्या तोंडून. तुम्ही सांगितलंत तर मला तुमचाही राग येईल. राहते मी तुमच्याजवळ. दोघांचा राग मला झेपायचा नाही."

कंडक्टर तिकीट बघायला आला. तिने दोन्ही तिकिटं दाखवली. नंतर घरी येईपर्यंत आम्ही भाजी काय करायची तेवढंच बोललो.

खोका जेवणाच्या टेबलावर आहे. मी कुरियरचा पत्ता लिहायला घेतला तेव्हा ती म्हणाली, आधी त्यांना बोलू द्या, मग पाठवा. ताटं मांडताना ती तो एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सरकवते. अनारसे टिकतात, पण किती दिवस, मला माहीत नाही. वास सगळ्या घरात आहे.

सिद्धेश, मी तुला शिकवण्याच्या ओघात पुष्कळ काही सांगितलं. शेवटी शेवटी अमेरिकेत एक मवाळ शाळा निघाली. ती म्हणते, समोरच्या माणसाला अट न घालता स्वीकारा, तो आपोआप चांगल्या बाजूला वाढतो. तो धडा शिकवताना माझा आवाज बदलायचा, असं मुली म्हणायच्या. मी तेव्हा तुझाच विचार करत असेन. तुझ्या बाबतीत मला ते शिकावं लागलं नाही, आजही लागत नाही. तू योहानाबरोबर सुखी असशील तर ते ऐकायला मला त्रास होईल आणि मी ते ऐकेन. ती मुलगी वाईट दिसली नाही. घाबरलेली दिसली. तुझ्या घरी तिला घरमालकीण केलं आहेस, हे तिला कळलंय का, ते मात्र तिला विचार.

पण एकाला अट न घालता स्वीकारायचं आणि त्याची किंमत दुसरीने मोजायची, असं त्या धड्यात कुठे नाही. मी पुन्हा वाचून पाहिला.

म्हणून तुझं काम मी करणार नाही. समजावणार नाही, सुरुवात करून देणार नाही, तिचा चेहरा कसा झाला ते तुला कळवणार नाही. हे पत्र तुला मिळाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी तिला सुट्टी असेल. तू फोन कर, चेहरा दिसेल असा कर, आणि सांग. सुरुवात कुठून करायची हे विचारू नकोस. नाव घेऊन कर. तिचं आणि मग योहानाचं. मी स्वयंपाकघरात असेन. तिने हाक मारली तरच बाहेर येईन.

पुढे काय करायचं हे ती ठरवेल. कुरुळीला जायचं म्हणाली तर मी सोडायला जाईन. इथेच राहायचं म्हणाली तर हे घर आहे. आता ही तुझी खोली तिची म्हणून मी धरून चालते, तुझी पुस्तकं माळ्यावर ठेवलीत.

आणि त्यानंतर मी एकटी कुरुळीला जाणार आहे. सरुबाईंच्या समोर बसून माझा "हो" परत घेणार आहे. त्या काय म्हणतील याची मला कल्पना आहे. त्यांनी काही म्हटलं नाही तर जास्त अवघड जाईल. खण मी बरोबर नेईन. तो त्यांचा आहे, कोणाला द्यायचा ते त्यांनीच ठरवावं.

पत्राच्या शेवटी आईने आशीर्वाद लिहायचा असतो. तुला लिहिलेल्या प्रत्येक पत्रात मी लिहीत आले, मागच्यात विसरले, आणि आज विसरले नाही. तो माझ्याजवळ आहे. पुनमशी बोलून झालं की तिलाच म्हण, आईला फोन दे. मग माग.

तुझी,
आई